दहा मिनिटं बाहेर बस

पंचाशी हुज्जत घालायला मूल मैदानात शिकत नाही. ते रेषेबाहेरच्या माणसाकडून शिकतं.

रेषेबाहेर त्याच्या शाळेचे सर असतात, गावातले कार्यकर्ते असतात, बक्षीस द्यायला आलेले पाहुणे असतात. विरोधात शिट्टी वाजली की सगळे एका सुरात सुटतात. पंचाला दिसतं का, त्याला कोणी सांगून ठेवलंय का, तो कोणत्या शाळेचा, हे सगळं मोठ्याने. बारा-तेरा वर्षांचं पोर ते ऐकतं. पुढच्या फाऊलला तेही हात पसरून पंचाच्या अंगावर धावून जातं. मग त्याला पिवळं कार्ड मिळतं आणि सर तसेच उभे राहतात.

हे नियमाने होत नाही, नियम माहीत नसल्याने होतं. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलंय की प्रशिक्षकालाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून चारजण ओरडले आणि नेमका कोण बोलला हे पंचाला कळलं नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला. शालेय स्पर्धांत हे कार्ड निघालेलं मला आजवर दिसलं नाही.

आमचं नाशिक जिल्ह्यातलं हरसूल म्हणजे धावणाऱ्यांचा मुलूख. सावरपाड्याची कविता राऊत इथल्याच चढ-उतारांवर धावायला शिकली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य तिने आणलं. शर्यतीत वादाला जागा फार कमी. घड्याळ जे सांगतं ते सगळ्यांना दिसतं. फुटबॉल तसा नाही. पाय आधी चेंडूला लागला की नडगीला, हे एका माणसाने पळता पळता ठरवायचं आणि बावीसजणांनी ते मानायचं. त्या बावीसांतल्या निम्म्यांना प्रत्येक वेळी ते पटणार नाही, हे धरूनच हा खेळ उभा आहे.

आमच्याकडे फुटबॉल शाळेच्या वाटेने आला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ राबवलं. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, त्याआधी एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा संकल्प होता. शाळांमध्ये चेंडू पोहोचले. ते फार चांगलं झालं, कारण चेंडू मुलाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. शिट्टी मात्र शिकवावी लागते. गावपातळीवर आजही संघ घेऊन आलेले एका शाळेचे सरच दुसऱ्या दोन शाळांच्या सामन्याला पंच म्हणून उभे राहतात. सकाळी जे रेषेबाहेरून पंचावर ओरडले, तेच दुपारी शिट्टी गळ्यात घालतात. मुलं दोन्ही बघतात.

आता नियम. बारावा नियम सांगतो, की पंचाच्या निर्णयाला शब्दाने किंवा कृतीने विरोध केला तर पिवळं कार्ड, आणि शिवी दिली, अपमान केला तर लाल. इतकंच. पण पंचाचं खरं काम या दोन ओळींच्या अलीकडे सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायला हवं.

मोकळ्या गोलसमोर चेंडू बाहेर मारलेला पोरगा आभाळाकडे बघून ओरडतो. ती त्याची स्वतःवरची चीड आहे. तिला कार्ड दाखवणारा पंच नियम वाचून आलेला असेल, खेळ खेळून आलेला नसेल. दुसरा पोरगा उठत उठत म्हणतो, “सर, हा तिसऱ्यांदा मारतोय मला.” ही तक्रार झाली. ती खरीही असू शकते. पंचाने ती ऐकावी आणि पुढची पाच मिनिटं त्या मारणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवावी, कारण या एका वाक्याकडे दुर्लक्ष झालं की पुढच्या वेळी तोच पोरगा बोलत नाही, लाथ मारतो. तिसरा हात उडवतो, पंचाच्या तोंडासमोर उपहासाने टाळ्या वाजवतो, तीन सोबती घेऊन धावत येतो. हा विरोध. इथे कार्ड, आणि लगेच. हे तिघे वेगळे आहेत. तिघांना एकच वागणूक देणारा पंच, मग तो कडक असो की मवाळ, सामना हातातून घालवतो.

चांगल्या पंचाच्या कसबाबद्दल आपल्याकडे कोणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फाऊल गंभीर असेल तर तो लांब आणि खणखणीत शिट्टी देतो. साध्या फाऊलला छोटी. दहा-पंधरा मिनिटांत मुलांना ही शिट्टी ओळखू येते आणि निर्णयाचं वजन न बोलता कळतं. वादाचा निर्णय दिला की तो घोळक्यात उभा राहत नाही, मोकळ्या जागेकडे सरकतो. ज्याला भांडायचंय त्याला वीस पावलं चालत यावं लागतं, आणि वीस पावलांत निम्मा राग उतरतो. तो खेळाडूला हात लावत नाही, बोट नाचवत नाही. कारण विचारलं तर एका वाक्यात देतो: “चेंडूच्या आधी पाय लागला.” दुसरं वाक्य नाही, कारण दुसऱ्या वाक्यापासून चर्चा सुरू होते, आणि चर्चेत जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो. साध्या कुरकुरीला पहिल्यांदा धावता धावता हळूच समज. दुसऱ्यांदा खेळ थांबवून, कॅप्टनला जवळ बोलावून, सगळ्यांना दिसेल अशी ताकीद. तिसऱ्यांदा कार्ड. कार्ड दाखवतानाही हातभर अंतर आणि शांत चेहरा. रागात काढलेलं कार्ड बरोबर असलं तरी मुलांना ते सूड वाटतं.

याहून अवघड एक गोष्ट आहे. पंच चुकतो. प्रत्येक पंच चुकतो. चूक लक्षात आली की मनात येतं, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूला झुकतं माप देऊ. ही भरपाईची शिट्टी सगळ्यांत घातक. खेळाडूंना ती लगेच कळते. त्यातून त्यांना एकच गोष्ट समजते, की ओरडलं तर मिळतं. त्यानंतरची सगळी हुज्जत त्या पंचाने स्वतः बोलावलेली असते. चूक झाली तर झाली, पुढची शिट्टी पुढच्या फाऊलची. हे पाळणारा पंच मला खेळाडूइतकाच मोठा वाटतो.

आज प्रत्येक पोराला माहीत असलेली पिवळी-लाल कार्डं हुज्जतीतूनच जन्माला आली. २३ जुलै १९६६, लंडनचं वेम्बली, विश्वचषकाचा उपउपांत्य सामना, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिनाचा कॅप्टन अँतोनियो रात्तीन जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांच्याशी एकेका निर्णयावरून बोलत राहिला. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रात्तीनला जर्मन येत नव्हतं. रात्तीन दुभाष्या मागत होता. पंचांनी त्याला बाहेर काढलं. तो कितीतरी मिनिटं मैदान सोडेना. त्या स्पर्धेतल्या पंचांची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन मैदानात उतरले आणि त्यांनी समजूत घातली. घरी परतताना रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे बघून त्यांना सुचलं, की पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब, हे जगात कोणालाही भाषेशिवाय कळेल. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून कार्डं आली. आपण आज त्यांच्याकडे दंडुका म्हणून बघतो. ती आली होती न बोलताही नीट कळावं म्हणून.

ही गोष्ट आमच्या तालुक्यात जास्त लागू पडते. इथली मुलं घरी कोकणा, वारली, ठाकरी बोलतात. शाळेची मराठी त्यांना येते, पण रागात आणि धापा टाकताना माणूस घरच्या भाषेत जातो. पंच नाशिक शहरातून आलेला. तो हिंदी-इंग्रजी मिसळून भराभर दोन वाक्यं टाकतो. पोरगं खाली बघून गप्प उभं राहतं. पंचाला वाटतं, याला कळलं. कधी वाटतं, हा उर्मट आहे, बघतसुद्धा नाही. पोराला मात्र कार्ड का मिळालं हे घरी पोहोचेपर्यंत कळलेलं नसतं. खाली बघणं हा इथे आदर असतो, हे शहरातल्या पंचाने माहीत करून घ्यायला हवं. आणि हाताची खूण करायला हवी: इथे पाय, इथे चेंडू, इथे तू. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणखी एक. हुज्जत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओरडणारा खेळाडू येतो. आमच्या आश्रमशाळांतल्या मुलांत मी बरेचदा उलटं पाहतो. पोर ओरडत नाही. त्याला अन्याय झाला असं वाटलं की ते खेळणं सोडतं. उभं असतं मैदानावरच, पण पाय जड. चेंडू जवळून जातो, ते बघत राहतं. कधी सरळ कडेला येऊन बसतं. पंचाच्या वहीत याची नोंद होत नाही, कारण बहुतेक वेळा कोणताच नियम मोडलेला नसतो. पण हीही हुज्जतच आहे, आणि ओरडणाऱ्या मुलापेक्षा हे मूल खेळातून लवकर निघून जातं. चांगला पंच खेळ थांबल्यावर अशा मुलाच्या शेजारून जाताना एक शब्द टाकतो. “पाहिलं मी. चल, खेळ.” इतकं पुरतं.

मोठ्या मैदानांवर काय झालं ते बघा. ९ डिसेंबर २०१२, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. मोहन बागानचा कॅप्टन ओडाफा ओकोली पंच विष्णू चौहान यांच्या अंगावर गेला, लाल कार्ड मिळालं. प्रेक्षक खवळले, दगड आले, त्यातला एक मोहन बागानच्याच रहीम नबीला लागला. उत्तरार्धात मोहन बागान मैदानात उतरलंच नाही. फुटबॉल महासंघाने क्लबला आय-लीगमधून दोन वर्षं बाहेर काढलं. महिनाभरही झाला नाही, जानेवारीत बंदी मागे घेतली आणि दोन कोटींचा दंड व गुण कापणं यावर प्रकरण मिटलं.

३ मार्च २०२३, बंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम. इंडियन सुपर लीगची बाद फेरी, बंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, जादा वेळ. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावत असताना सुनील छेत्रीने फ्री किक चटकन मारली, गोल. पंच क्रिस्टल जॉन यांनी तो दिला. प्रशिक्षक इवान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर बोलावला. शिक्षा: क्लबला चार कोटी, प्रशिक्षकाला दहा सामने बंदी आणि पाच लाख. फ्री किक चटकन मारण्याचा हक्क नियमानेच दिलेला आहे. पण मारणाऱ्या संघाने भिंतीचं अंतर मागितलं तर पंच शिट्टीकडे बोट दाखवून ‘थांबा’ अशी खूण करतो. त्या क्षणी काय मागितलं गेलं आणि काय खूण झाली, यावरच सगळा वाद. एका खुणेच्या संशयावरून अख्खा संघ मैदान सोडून गेला. म्हणून मी खुणेवर एवढा भर देतो.

या दोन्ही प्रकरणांत शिक्षा डोंगराएवढी आहे. माझा आक्षेप तिथेच आहे. डोंगराएवढी शिक्षा वर्षा-दोन वर्षांतून एकदा होते, ती ऐकून बाकीचे खेळाडू काही शिकत नाहीत, आणि ती एवढी मोठी असते की पुढे वाटाघाटीला बसावंच लागतं. हुज्जत मात्र दर रविवारी, दर मैदानावर, दर दहा मिनिटांनी होते. तिच्यावर उपाय तेवढाच रोजचा हवा. शिक्षा छोटी हवी, तिथल्या तिथे हवी आणि चुकता कामा नये.

इंग्लंडने हे करून बघितलं. तिथल्या गल्लीतल्या, हौशी फुटबॉलमध्ये पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवायचं, संघाने तेवढा वेळ एकाने कमी खेळायचं. सामना लहान असेल तर आठ मिनिटं. आधी दोन हंगाम एकतीस लीगमध्ये प्रयोग केला, हुज्जतीचे प्रकार अडतीस टक्क्यांनी घटले. २०१९-२० पासून सगळ्या स्थानिक फुटबॉलला ते लागू केलं. घट का झाली हे समजायला अवघड नाही. पिवळं कार्ड मिळालेला खेळाडू खेळतच राहतो, त्याच्या सोबत्यांना काही सोसावं लागत नाही. दहा मिनिटं बाहेर बसलेल्यामुळे दहा सोबती धावून धावून थकतात, आणि तो परत आला की त्याच्याकडे बघतात. पंच जे शंभर वेळा सांगून करू शकला नाही ते हे सोबती एका नजरेत करतात.

त्याआधी तिथे दुसरा उपाय होता. २००० पासून हुज्जत घातली की फ्री किक दहा यार्ड पुढे न्यायची. २००५ मध्ये तो सोडून दिला. काही जागांवरून फ्री किक पुढे नेली की मारणाऱ्यालाच अडचण व्हायची. शिक्षा कोणाला होते हे स्पष्ट नसेल तर ती टिकत नाही. वरच्या व्यावसायिक फुटबॉलसाठी दहा मिनिटं बाहेर बसवणाऱ्या निळ्या कार्डाची कल्पना २०२४ च्या सुरुवातीला आली आणि लगेच मागे पडली. तिथे जाहिराती, प्रक्षेपण, पैसा आहे. त्यांची अडचण त्यांच्यापाशी. तालुक्याच्या सामन्यात यातलं काहीच नाही.

आणि हे आपल्याला बाहेरून आणायचीही गरज नाही. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. हरसूलच्या कोणत्याही शाळेतल्या मुलाला विचारा, तो सांगेल. कबड्डीत पिवळं कार्ड दिसलं की संघ सात जणांवरून सहावर येतो आणि चढाई करणाऱ्याला मैदान मोठं होतं. कबड्डी खेळणारी हीच मुलं फुटबॉलच्या मैदानात उतरली की पिवळ्या कार्डाला काडीची किंमत देत नाहीत, कारण फुटबॉलचं पिवळं कार्ड त्यांच्याकडून काहीच काढून घेत नाही. शालेय स्पर्धेतला पुढचा सामना महिन्याने, कधी होतच नाही. दोन पिवळी मिळून लाल होईल ही भीती एका सामन्यापुरतीच.

दुसरा उपाय याहून सोपा. २०२४ च्या युरो स्पर्धेत युरोपच्या संघटनेने ठरवलं, की पंचाशी फक्त कॅप्टन बोलेल. बाकी कोणी जवळ आला की पिवळं. कॅप्टन गोलकीपर असेल तर मैदानातला एकजण आधीच नेमायचा. बदल्यात पंचाने कॅप्टनला निर्णयाचं कारण द्यायचं. ही दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘गप्प बसा’ एवढंच सांगून कोणी गप्प बसत नाही. आपलं म्हणणं पोहोचेल आणि उत्तर मिळेल याची खात्री असली तर माणूस थांबतो. पुढे नियमकर्त्यांनी ही पद्धत कोणत्याही स्पर्धेला वापरता येईल अशी मुभा दिली. याला पैसा लागत नाही, कॅमेरा लागत नाही, परवानगीही लागत नाही. नाणेफेकीच्या वेळी दोन कॅप्टनांना एकदा सांगायचं.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर हेही वाचा. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्सच्या अल्मेरे शहरात रिचर्ड न्यूवेनहाउझेन हे हौशी लाइनमन मुलांच्या सामन्यात झेंडा घेऊन उभे होते. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यात खेळत होता. सामन्यानंतर दुसऱ्या संघाच्या कोवळ्या वयाच्या खेळाडूंनी त्यांना मारलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात रिकार्डो पोर्तिलो या पंचांनी सतरा वर्षांच्या मुलाला पिवळं कार्ड दाखवलं, त्याने ठोसा मारला, आठवड्याभराने ते गेले. ११ डिसेंबर २०२३ रोजी तुर्कस्तानात सामना संपल्यावर क्लबच्या अध्यक्षानेच मैदानात येऊन पंच हलील उमुत मेलेर यांना ठोसा मारला, देशातलं सगळं लीग फुटबॉल थांबवावं लागलं. अशा गोष्टींची सुरुवात हात उडवण्यापासून आणि ओरडण्यापासूनच होते. नेदरलँड्सने त्यानंतर कुमार खेळाडूंना फुटबॉलच्या नियमांची परीक्षा सक्तीची केली. उत्तीर्ण झाल्याशिवाय खेळायचं नाही.

आपल्या राज्यात फुटबॉलवर जीव टाकणारं शहर कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या पेठांच्या संघांचे सामने असले की स्टेडियम भरतं. अनिकेत जाधव याच मातीतून २०१७ च्या विश्वचषकात पोहोचला. आणि त्याच शहरात हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याच्या, पोलिस बंदोबस्त वाढवल्याच्या बातम्याही हंगामागून हंगाम येतात. तिथला पंच बहुतेक वेळा त्याच शहरात राहतो, त्याच रस्त्याने घरी जातो. त्याच्या शिट्टीमागे संघटना उभी नसेल तर तो पेनल्टी देताना आधी रस्ता आठवेल. मी त्याला दोष देणार नाही.

म्हणून तालुक्यातल्या क्रीडा शिक्षकांना माझं सांगणं आहे. शालेय हंगामाआधी तुमची सभा होते, मैदानं आणि तारखा ठरतात. त्याच सभेत ठरवा, की फक्त कॅप्टन बोलेल. हुज्जतीला आपल्या सामन्यात पाच मिनिटं बाहेर, कबड्डीसारखं, कारण आपले सामने लहान असतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना तरी हे लागू करा. तुमच्यातला कोणी रेषेबाहेरून पंचावर ओरडला तर कार्ड त्याला, मग तो कितीही ज्येष्ठ असो. आपल्या शाळेचा संघ ज्या स्पर्धेत आहे तिथे आपण शिट्टी घ्यायची नाही. आणि पंचाला मानधन सामन्याआधी, सगळ्यांसमोर. सामना संपल्यावर निकाल बघून दिलेलं मानधन हे मानधन राहत नाही.

पंचाला आणखी एक गोष्ट द्या. त्याने लिहिलेला अहवाल वाचा. लाल कार्डाचा कागद संयोजकांच्या पिशवीत जातो आणि तिथेच राहतो, हे पंचाला कळलं की पुढच्या वर्षी तो लिहीत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कार्डही काढत नाही.

शेवटी मुलींबद्दल. गोव्याची उवेना फर्नांडिस भारताकडून फुटबॉल खेळली, मग झेंडा घेऊन रेषेवर उभी राहिली, आणि २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात तिने सहायक पंच म्हणून काम केलं. आमच्या हरसूल पट्ट्यात दमसास असलेल्या मुली शाळाशाळांत आहेत. नव्वद मिनिटं खेळाडूंइतकं धावणं ही पंचाची पहिली गरज, ती त्या आजच पुरी करतात. सातवीच्या मुलांच्या सामन्यात नववीच्या मुलीच्या हाती शिट्टी द्या. नियम तिला महिनाभर शिकवा, शिट्टी कधी लांब आणि कधी छोटी ते शिकवा, हाताच्या खुणा शिकवा. ती घरी बोलते ती भाषा मैदानावरची मुलंही बोलतात, म्हणून “पाय आधी लागला” हे तिने सांगितलं की त्यांना तिथेच कळेल. ती चुकेल. पहिल्या सामन्यात बरीच चुकेल. त्या वेळी रेषेबाहेर जे कोणी उभे असतील त्यांनी एक शब्दही उच्चारायचा नाही, हे सामन्याआधी मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन सांगावं आणि पूर्ण वेळ तिथेच थांबावं.